पाचव्या पानाची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीस नमस्कार, काट्यास नमस्कार, आणि ज्या हातांनी उरलेले राखिले त्या हातांस दोन वेळा नमस्कार करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी, शुक्रवार, ते दिवशी सकाळी राज्यात जिन्नस किती याची मोजदाद जाहली, ती येणेप्रमाणे: तांदूळ चार किलो सातशे ग्रॅम, कणीक तीन किलो शंभर, ज्वारीचे पीठ दोन किलो, तूरडाळ एक किलो दोनशे, कांदे चौदा, पैकी तिघांस कोंब फुटलेले, बटाटे नऊ, दोडके चार, कोथिंबिरीची जुडी एक, निम्मी पिवळी, कलिंगड एक, आणि फ्रिजात झाकलेल्या वाट्या सात, पैकी दोहोंत काय आहे हे कोणासही सांगता येईना.

राज्य म्हणावे तर तिसऱ्या मजल्यावरचे. खोल्या दोन, मुदपाकखाना एक, आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, ती पूर्वेची सरहद्द. राज्याचे धनी भालचंद्रराव पंपांच्या कारखान्यात लेथ चालवीत. त्यांच्या मातोश्री सुभद्राबाई, वय वर्षे बहात्तर, त्यांस राज्यात थोरल्या आईसाहेब म्हणत. भालचंद्ररावांच्या पत्नी रेवतीबाई, यांनी लग्नानंतर रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि तेव्हापासून मोजल्यावाचून त्यांचा हात कशात पडेना. चहात साखर घालावयाची तरी चमचा बोटाने सपाट करीत. आणि युवराज्ञी ओवी, वय सात, जिचे ताट रिकामे जाहलेले कोणी पाहिले नव्हते. अशी माणसे चार, आणि स्वयंपाक पाच पानांचा. कारण आईसाहेबांचे माहेर बैलबाजाराच्या रस्त्यावर, तेथे अवेळी माणूस यावा आणि जेवून जावा, अशी रीत. ती रीत आईसाहेब पितळेच्या भांड्यांबरोबर सासरी घेऊन आल्या आणि दोन्ही वेळेस आल्यागेल्याचा एक वाटा जास्तीचा रांधू लागल्या. पुढे काळ पालटला. येणारा आधी फोन करू लागला आणि बहुधा जेवूनच येऊ लागला. मग पाचव्या पानाचे अन्न वाटीत जाई, वाटी फ्रिजात जाई, आणि तिसरे दिवशी बादलीत जाई. यास राज्यात टाकणे म्हणत नसत, उरणे म्हणत.

ऐसे चालले असता कारखान्यातून हुकूम आला की मालास मागणी नाही, सबब आठवड्यास तीन दिवस काम आणि पगारही तितकाच. ते ऐकून भालचंद्ररावांनी मुदपाकखान्यात येऊन रेवतीबाईंशी हलक्या आवाजात मसलत केली की पंधरा दिवसांचा शिधा दहा दिवसांत सरतो, पुढे चार तोंडांचे कसे करावे. भिंत विटेची असली तरी पातळ. पलीकडे आईसाहेब वाती वळीत होत्या. त्यांनी वाती वळणे थांबविले नाही आणि कोणास काही विचारिलेही नाही. दुसरे दिवशी दुपारी गॅलरीत जाऊन त्यांनी आपली लेक शालन हिला फोन केला आणि सांगितले की अक्षय्य तृतीयेस जावईबापूंना गाडी घेऊन पाठव, मी तिकडे राहावयास येते, येथे एक तोंड कमी होईल तेवढे बरे. किती दिवस, ते बोलिल्या नाहीत. रेवतीबाई दाराआड वाळलेले कपडे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या ध्यानात राहिले ते हेच, की परतीची तारीख निघाली नाही. मग त्यांस आपली पदवीची तीन वर्षे आठवली, की कॉलेजास जाताना पोळीभाजीचा डबा तयार मिळत असे, आणि परीक्षेच्या दिवशी आईसाहेब हातावर दहीसाखर घालून म्हणत, सगळे लिही, वेळ उरली तर पुन्हा वाच. ज्या हातांनी तीन वर्षे डबा भरला ते हात दोन भाकरींच्या हिशेबापायी घर सोडणार, हे रेवतीबाईंस मानवेना. परंतु राहा म्हणून विनविले तर आईसाहेब ऐकणाऱ्या नव्हेत, हेही त्या जाणून होत्या. मनी विचार केला की यांस आर्जवाने अडविता येणार नाही, पुराव्याने अडवावे.

पुरावा तो पंचमीपासूनच जमत होता. शिधा सरतो कोठे, हे पाहावे म्हणून रेवतीबाईंनी ते सकाळपासून बादलीत पडणारा प्रत्येक जिन्नस काट्यावर घालून वहीत टिपण्यास आरंभ केला होता. काटा तो केकसाठी घेतलेला, केक दोन वेळा जाहला. सात दिवस ऐसे केले. भात एक किलो सहाशे नव्वद. पोळ्या व भाकरी आठशे ऐंशी. भाजी-आमटी एक किलो एकशे वीस. न शिजविता नासलेली भाजी पाचशे दहा. साले, देठ आणि चहाचा चोथा यांत धरिले नाहीत. एकूण चार किलो दोनशे, म्हणजे रोजचे सहाशे ग्रॅम. मग त्यांच्या मनी आले की हा आकडा एकटा काय बोलेल, याच्या शेजारी दुसरा आकडा उभा करावा. आणि दुसरा आकडा म्हणजे आईसाहेब एका दिवसात जेवतात किती. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस रेवतीबाईंनी आईसाहेबांचे ताट ओट्यावर वाढून, पाठीआड काट्यावर ठेवून, वजन टिपून, मग पुढे नेले. पाचशे नव्वद, सहाशे दहा, पाचशे पंच्याऐंशी. गुरुवारी एकादशी पडली, आईसाहेबांचा उपवास. उपवासाचा आकडा धरणे शास्त्रास सोडून, म्हणून तो दिवस वगळिला. तेव्हाच थांबावे तर थांबल्या नाहीत. तीन आकडे थोडे, चौथा असावा, या हव्यासाने द्वादशीस दुपारी पुन्हा ताट काट्यावर ठेविले, आणि आईसाहेब पाण्याचा तांब्या भरावयास आत आल्या.

आईसाहेबांनी काटा पाहिला, ताट पाहिले, वही पाहिली. वहीवर स्वच्छ अक्षरात त्यांचे नाव आणि खाली तीन दिवसांची वजने. म्हणाल्या, "माझं ताट तोलतेस होय गं?" आवाज चढविला नाही. रेवतीबाईंनी काटा लपविला नाही, कारण तोलणे खरेच होते. आईसाहेब पानावर बसल्या, अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवून उठल्या, आणि खोलीत जाऊन कपाटावरची पेटी काढून लुगडी भरू लागल्या. भालचंद्रराव त्या दिवशी घरीच. ते दारात उभे राहून पाहत राहिले. तीन लुगडी भरून जाहली, चौथे हातात होते, तेव्हा रेवतीबाई वही घेऊन आत गेल्या आणि पलंगावर पेटीच्या शेजारी ती उघडून ठेविली. म्हणाल्या, "आई, तुमचं पान डावीकडं आहे. उजवीकडचंही वाचा. मग हवी तर पेटी मी भरून देते."

आईसाहेबांनी चष्मा लाविला. उजवे पान वाचिले: भात, पोळ्या, भाजी, रोजचे सहाशे. डावे वाचिले: तीन दिवसांची सरासरी पाचशे पंच्याण्णव. मग विचारिले की हे उजवीकडे कोण जेवते. रेवतीबाईंनी सांगितले, बादली. आईसाहेबांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरविले. लुगडे मांडीवर तसेच. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आणि बादली सारखंच जेवतो."

"बादली पाच ग्रॅम जास्त," रेवतीबाई म्हणाल्या, "पण तेवढी चूक काट्याचीही असेल. आई, घरातून एकीला घालवायचंच असेल, तर बादलीला घालवू."

तेव्हा भालचंद्रराव दारातून म्हणाले, "आणि तू गेलीस तर मला शिव्या कोण घालणार?" आईसाहेब म्हणाल्या, "तुझी बायको घालेल की. मोजून घालेल, एकही वाया जाणार नाही." आणि हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले, आणि रेवतीबाईंनी ते लुगडे त्यांच्या मांडीवरून उचलून कपाटात ठेविले.

मग त्याच दुपारी त्या खोलीत दरबार भरला. आईसाहेबांनी प्रथम सांगितले की शिळ्याचे शंभर प्रकार त्यांस येतात, परंतु सून शिकून पदवीधर जाहली, तीस अन्नात जंतू दिसतात, तिच्यापुढे शिळ्याचे नाव काढावयास लाज वाटे. रेवतीबाई म्हणाल्या की आपणांस वाटे, शिळे काढिले तर आईंस ते दळिद्री वाटेल, म्हणून आपण गप्प. ऐशी दोघींच्या अदबीत बादली सात वर्षे पोसली. मग तह ठरला. उरलेले तासाभरात झाकून फ्रिजात जावे, दुसरे दिवशी वाफ येईतो तापवून संपवावे, ही रेवतीबाईंची कलमे. त्याचे काय करावे, ती आईसाहेबांची. ओवीस आधी निम्मे वाढावे, मग मागेल तितके. हे कलम ओवीने स्वतः घातले. उरले पाचवे पान, तेथे तह अडला. आईसाहेब म्हणाल्या, आल्यागेल्याचा वाटा त्या मोडणार नाहीत. रेवतीबाईंनी वही दाखविली की बादलीतल्या चार हिश्शांत तीन हिस्से त्याच पानाचे. आईसाहेब म्हणाल्या, असतील. माणूस दारातून उपाशी गेला तर ते कोणत्या काट्यावर तोलशील? तसा काटा नाही, हे रेवतीबाईंनी कबूल केले. मग म्हणाल्या की वाटा काढावा, परंतु शिजवू नये. वेळेस एक मूठ तांदूळ आणि एक मूठ कणीक वेगळ्या डब्यात, दोन वाट्यांत पडावी, आणि माणूस आला की चूल पेटावी. आईसाहेबांनी विचारिले, "आल्या माणसाला ताटकळत ठेवायचं?" रेवतीबाई म्हणाल्या, "हातपाय धुवून, पाणी पिऊन, पंख्याखाली बसून तो उन्हाला चार शिव्या देईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात." आईसाहेबांनी मान डोलाविली, पितळेचा डबा स्वतः घासला, आणि सायंकाळी पहिली मूठ आपल्या हाताने घातली. मग शालनला फोन करून सांगितले की गाडी नको.

पुढले चार दिवस राज्यात जी मोहीम जाहली ती रेवतीबाई आजही वही उघडून सांगतात. आईसाहेबांनी शिळ्या भातात ज्वारीचे पीठ आणि कोंब फुटलेले कांदे घालून थालीपिठे लाविली. पोळ्या कुस्करून फोडणीस टाकिल्या. दोडक्यांच्या शिरा किसून, तीळ घालून, तव्यावर कुरकुरीत चटणी केली. कलिंगडाचा लाल गर ओवीने खाल्ला, आणि हिरव्या सालीवरचा पांढरा भाग चिरून डाळ घालून त्याची भाजी जाहली, काहीचे लोणचे जाहले. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात गेल्या. रेवतीबाई शेजारी उभ्या राहून लिहून घेत आणि विचारीत, किती मीठ. आईसाहेब म्हणत, अंदाजाने. मग रेवतीबाई त्यांच्या चिमटीतले मीठ आधी काट्यावर घेत, आणि आईसाहेब चिमूट पुढे करून थांबत.

वैशाख शुद्ध द्वितीया, मंगळवार. दुपारची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी जाहली, आणि दीड वाजता जावई दत्ताजीराव दारात उभे. गाडी नको हा फोन गेला तेव्हा शालन घरी, हे वसुलीच्या फेरीवर. निरोप चुकला आणि वाटेत होते म्हणून तृतीयेच्या एक दिवस आधीच आले. घाम पुसून म्हणाले की जेवण राहिलेच, पण राहू द्या, चहा चालेल. आईसाहेबांनी रेवतीबाईंकडे पाहिले. पातेली पालथी, टोपली रिकामी. रेवतीबाईंनी पितळेचा डबा उघडला. चार दिवसांच्या तांदळाच्या आठ मुठी आणि कणकेच्या आठ. दोन मुठी कुकरात, दोन मुठी परातीत. दत्ताजीरावांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले, उन्हास शिव्या दिल्या, आणि तिसरी शिट्टी जाहली. फ्रिजात राखलेली सकाळची आमटी उकळून, कलिंगडाची भाजी, शिरांची चटणी, गरम पोळ्या, ऐसे ताट पुढे आले तेव्हा घड्याळात चोवीस मिनिटे गेली होती. दत्ताजीरावांनी चटणी तीन वेळा मागून घेतली आणि विचारिले कशाची. कळता म्हणाले, "आमच्याकडं ह्या शिरा टाकतात, मामी. चला आता, तुम्हीच येऊन शिकवा. शालननं पुढची सीट तुमच्यासाठी रिकामी ठेवायला सांगितली आहे. तिला काय सांगू?"

आईसाहेब चौथी पोळी त्यांच्या ताटात वाढीत होत्या. म्हणाल्या, "तिला सांगा, माझं पान इथं तोलून झालंय."

दत्ताजीरावांस अर्थ कळला नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिले, आणि वहिनी परात घासू लागल्या. मग ते लोणच्याची बरणी घेऊन आणि पुढची सीट रिकामी घेऊन परत गेले.

येणेप्रमाणे बारा दिवसांत, एक काटा, एक वही आणि एक पितळेचा डबा इतक्या सामग्रीनिशी राज्य राखिले, माणूस एकही उणा जाहला नाही, आणि आलेला उपाशी गेला नाही. हे सर्व थोरल्या आईसाहेबांच्या हातांचे पुण्य. ते रात्री जेवणानंतर, साले, देठ आणि चोथा वगळून, बादली काट्यावर ठेविली. अकरा ग्रॅम.