एकतीस अनोळखी आणि एक मोटार

हॉलमध्ये खुर्च्या चाळीस होत्या, हँडल मारून सुरू होणारी जुनी मोटार एक, आणि माणसं अडतीस. काकांनी दोनदा मोजली. त्यातले सात नेहमीचे दर्दी. उरलेले एकतीस कोण, हे काही केल्या कळेना.

काका निवृत्त मेकॅनिक. दर रविवारी सकाळी या मोटारीपाशी उभे राहून ते मोटारींचा इतिहास सांगत, आणि सातही दर्दी त्यांच्या प्रत्येक वाक्याला हरकत घेत. त्यांच्या लेखी ऐकणं म्हणजे हेच. पण गेल्या आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "लागोपाठ दोन रविवार वीस तरी माणसं दाखवा. नाहीतर मोटार मागच्या शेडमध्ये, आणि हॉल टेबल टेनिसला."

"ही अध्यक्षांची माणसं," काका पुतणीच्या कानाशी कुजबुजले. "मोजणीच्या आधी उठून जातात की नाही बघ. म्हणजे 'लोक कंटाळून निघून जातात' असं लिहायला ते मोकळे."

"लोक आले तरी तुमच्या पोटात दुखतं, काका!"

"अगं, एकाने तरी मोटारीकडे पाहिलं का? सगळ्यांच्या हातात वही. दर्दी माणूस वही आणतो होय? तो तोंड आणतो."

काकांनी सुरुवात केली. "हा पितळी भोंगा नंतर बसवलेला..."

"आधीपासूनचाच आहे!" पुढच्या रांगेतून सात आवाज.

एकतीस जण गप्प, पेनं वह्यांवर टेकलेली. काकांचा संशय बळावला. त्यांनी गळ टाकायचं ठरवलं. मुद्दाम थाप मारायची. खरा दर्दी असेल तर उसळेल.

"अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्याने मागे यायचं. आधी वाट उतरणाऱ्याला. या मोटारीच्या काळात पडलेला नियम, आजही तोच."

"साफ उलटं!" सातही उभे राहिले. "झोप झाली नाही का? आधी वाट चढणाऱ्याला!"

पण हे सात जण भोंग्यालाही असेच उसळले होते. एकतिसांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका मावशींनी हात वर केला. "काका, जरा सावकाश. आधी उतरणाऱ्याला ना?" आणि खाली दोन रेघा मारल्या.

"सापडले!" काका पुटपुटले आणि रंगातच आले. धुक्यात दिवे प्रखर ठेवावेत. उतारावर गाडी न्यूट्रल करावी. तासाभरात त्यांनी अकरा थापा मारल्या. अकराच्या अकरा उतरवल्या गेल्या.

उठून मात्र कोणीच गेलं नाही. अध्यक्षांनी अडतीस डोकी मोजली आणि आंबट चेहऱ्याने आकडा लिहून घेतला. एकतीस जणांनी टाळ्या वाजवल्या, वह्या मिटल्या आणि ते पांगले. काका गोंधळून उभे असतानाच समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या.

"उपकार झाले हो, काका! आमच्या वर्गाचं छत गळतंय, म्हणून माझे शिकाऊ तुमच्याकडे बसवले. उद्या लायसन्सची लेखी परीक्षा आहे. म्हटलं, अख्खा जन्म गाड्यांत गेलेला माणूस, यांच्याइतकं अचूक कोण सांगणार?"

"बाई, त्यांना फोन लावा! आत्ताच्या आत्ता!"

"परीक्षेपर्यंत फोन बंद, ही माझीच सक्ती आहे. का हो?"

काकांनी मोटारीच्या मडगार्डवर बसकण मारली. पुतणी शांतपणे म्हणाली, "म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा सात."

"आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबल टेनिस," काका म्हणाले.

परीक्षेत एकतिसांपैकी चारच जण पास झाले. काकांच्या थापा चालू असताना चौघंही हॉलच्या मागच्या रांगेत झोपले होते.

पुढच्या रविवारी अध्यक्ष मोजायला आले. काका खालमानेने मोटारीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. आज रविवार आहे."

हजर चौतीस. वह्या शून्य. हरकती चौतीस.