वहीद सरांची पाचवी मूठ

गेल्या मे महिन्यात गुलमंडीजवळच्या एका लग्नात वहीद सरांनी माझ्या बॅटसाठी खुर्ची अडवली होती. पंख्याखालची. मी हॉलमध्ये शिरले तेव्हा ते जेवत होते. या, बसा असं काही न म्हणता त्यांनी विचारलं, "ताई, बॅट कुठंय?"

"स्कूटरच्या डिकीत," मी म्हटलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं, माझ्याकडून किल्ली घेतली आणि उन्हात निघून गेले. परतले ते माझी टेबल टेनिसची बॅट रुमालात गुंडाळून. "या उन्हात रबर शिजतं, ताई. तुम्ही बसला असता का डिकीत?" बॅट त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. नवरदेवाचे काका तिथं बसायला आले, तर त्यांना शांतपणे सांगितलं, "इथं कुणीतरी आहे."

वहीद सर शाळेतले सर नव्हेत. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावरही ते बजाजनगरातच राहिले. तिथल्या सभागृहात एक टेबल आहे, त्याभोवती आम्ही आठदहाजण संध्याकाळी जमतो. मला डॉक्टरांनी 'काहीतरी खेळा' म्हटलं म्हणून मी गेले, दुकानातून आणलेली तयार बॅट घेऊन. सरांनी ती घेतली, रबरावर बॉल दाबून बॅट उलटी केली. चांगल्या रबराला तो क्षणभर चिकटून राहतो, हा टपकन पडला. मग बॅट कानाशी धरून लाकडावर टिचकी मारली आणि दुःखानं म्हणाले, "बेजान हाय. झुरळं मारायला ठेवा."

चांगली बॅट म्हणजे लाकडाचं पातं वेगळं घ्यायचं, रबरं वेगळी घ्यायची आणि आपल्या हाताप्रमाणं जुळवायची, हे मला तेव्हा कळलं. माझा हात ओळखायला त्यांनी विचारलं, "पोळी लाटताना जोर कुठल्या बोटावर देता?" वीस वर्षं पोळ्या लाटूनही मला सांगता येईना. घरी जाऊन लाटून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, अंगठ्यावर.

"मग पाच थरांचं लाकूड, मूठ सरळ. कार्बन घातलेल्या पात्याच्या नादी लागू नका, त्याला लई घाई असते. आन् लाकूड मऊ तर रबर थोडं तेज चालेल. दोन्ही तेज झाले तर रोज भांडणं."

रबर चिकटवायचा दिवस म्हणजे सभागृहात कर्फ्यू. धूळ उडते म्हणून पंखे बंद. सर गोंदाचा पातळ हात द्यायचे आणि घाम पुसत बसून राहायचे. गोंद ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. "पांढरं दिसतंय तोवर हात नक्को," असं ते दर दोन मिनिटांनी बजावायचे, जरी आम्ही कुणी हात लावायला गेलेलो नसायचो. खेळून झालं की ओल्या स्पंजानं रबर वरून खाली पुसायचं, घासायचं नाही, आणि वर पातळ प्लास्टिक लावायचं. त्यात एक बुडबुडा राहिला तरी ते परत काढायला लावायचे.

"माझ्या शालू ठेवायच्या कपाटात यांच्या बॅटा आहेत," त्यांच्या पत्नी नसरीन भाभींनी मला एकदा सांगितलं. "म्हणे घरात तिथंच गारवा आहे. शालू पलंगाखाली गेले."

दिवाळीनंतर मात्र सर सभागृहात दिसेनासे झाले. त्यांचे दुहेरीतले जोडीदार दत्ताभाऊ पाठाडे आजारी पडले होते. दोघं एकाच टूलरूममधले, बावीस वर्षं एकत्र खेळलेले. रिटायर झाल्यावर दत्ताभाऊ पाचोडला शेतीकडं गेले, तरी आठवड्यातून दोनदा एसटीनं खेळायला यायचे. त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. डावाही अशक्त झाला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत.

सरांनी त्यांच्या डाव्या हातासाठी बॅट करायला घेतली. सगळ्यांत हलकं पातं, त्यावर मंद, मऊ रबर. मूठ कानस लावून घासली. रविवारी पाचोडला घेऊन गेले तर दत्ताभाऊंच्या हातातून ती पडली. सर परत आले, दुसरी मूठ केली. मग तिसरी, चौथी.

पाचव्या रविवारी मी माझ्या गाडीतून त्यांच्याबरोबर गेले. ओसरीत दोन बाकांवर एक जुनं दार आडवं टाकलं होतं, मध्ये उभ्या विटांचं नेट. दत्ताभाऊंच्या मुलानं त्यांना धरून खुर्चीत बसवलं. सरांनी बॅट त्यांच्या डाव्या हातात दिली, एकेक बोट मुठीवर ठेवलं आणि पलीकडून बॉल हळूच टाकला. बॅट खाली पडली.

दत्ताभाऊ कष्टानं म्हणाले, "वहीद, बास. हात गेला माझा."

"हात नक्को बघू तू," सर म्हणाले. "मूठ चुकली मेरी. इथं अर्धा सूत जास्त जाड राहिली."

हरल्यावर आम्हाला कधी बॅटला दोष देऊ न देणारा माणूस हे म्हणत होता. खिशातून कानस काढून ते तिथंच उंबऱ्यावर बसले. अर्धा तास घासलं, कापडी पट्टी गुंडाळली, मूठ स्वतःच्या डाव्या हातात धरून बघितली. दत्ताभाऊ त्यांच्याकडं बघत होते. भिंतीकडं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

या वेळी बॅट पडली नाही. पहिला बॉल विटांना लागला. दुसराही. तिसरा कसाबसा पलीकडं गेला आणि दारावरून घरंगळत खाली पडला. सर वाकून तो शोधायला लागले आणि बराच वेळ वर आले नाहीत. दत्ताभाऊच म्हणाले, "टाक की रं दुसरा."

मंगळवारी सर कितीतरी दिवसांनी सभागृहात आले आणि माझ्याशी एकेरी खेळायला उभे राहिले. बॉल मारला की ते डावीकडं सरकत होते. दुहेरीत एक बॉल एकानं आणि पुढचा दुसऱ्यानं मारायचा असतो, म्हणून मारून झालं की जोडीदाराला जागा करून द्यावी लागते. मी परतवलेला बॉल त्या मोकळ्या जागेतून मागं जायचा. सर जाऊन तो उचलून आणायचे आणि पुन्हा सर्व्हिस करायचे. असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी मी बॉल त्यांच्या डावीकडं, ते उभे होते तिथं मारला. तो त्यांनी नीट परतवला.