देवमनमामांची बशी

देवमनमामा दुसऱ्याची भीती बशीतून पितात. फुरका मारून पितात, मिशी गमछ्याने पुसतात आणि म्हणतात, "साखर कमी हाय."

ते आमच्या शेजारी राहतात. आमचं गाव कळंबजवळ. दरवर्षी जयंतीला माझ्या सैपाकघरामागे मंडप पडतो आणि दोन गायन पार्ट्यांचा सामना होतो. एकीनं गायचं, दुसरीनं लगेच गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही की लोक शिट्ट्या मारतात. भल्याभल्यांचे गळे कोरडे पडतात. अशा वेळी पडद्यामागच्या अंधारात मामा चहाने काठोकाठ भरलेला कप बशीत घेऊन उभे असतात.

"धर बाबू. कप तुहा, बशी माही."

गायक दोन घोट घेतो. हात थरथरेल तितका चहा तोवर बशीत सांडलेला असतो. डॉक्टरने थर्मामीटर धरावं तशी मामा बशी उजेडाकडे धरतात. नुसती ओली असेल तर "मामुली." अर्धी भरली असेल तर "बराबर हाय, गाणं रंगते." पार भरली असेल तर त्याला खाली बसवतात. "लय सांडली रे. पण आता ते तुह्यात नाही, बशीत हाय." आणि पिऊन टाकतात. गायक हसतो, हसत हसतच माईकवर जातो.

हे माप त्यांनी गायकांपुरतं ठेवलेलं नाही. नवरदेव, दहावीची पोरं, भाषणाला उठणारे सरपंच, सगळ्यांना कपबशी. मला खिडकीतून सांगतात, "सरपंचाले बिनदुधाचा दे, सूनबाई. त्यायची भीती पचत नाही मले."

एकदा पांढरकवड्याची एक गायिका छातीची धडधड मोजणारं घड्याळ घालून आली. "मामा, टेन्शन किती ते याच्यात दिसते." मामांनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. "सांगते तं चांगलं. पण पेते का?"

मी मंडपात जात नाही. चार माणसं दिसली की माझे पाय जड होतात. चहाची किटली खिडकीतून देते आणि तिथंच उभी राहते. निंबाच्या झाडावर दिव्यांच्या माळा लागतात. पेटीचा सूर भिंतीतून झिरपत येतो, मांडणीवरच्या भांड्यांतून फिरतो. मला वाटतं, मी पाण्याखाली उभी आहे आणि वर, खूप वर, गाणं तरंगत चाललंय.

मामाही पूर्वी गायचे. फुलसावंगीच्या सामन्यात त्यांना दुसरी ओळ आठवली नाही. लोक ओरडले, मामा खाली उतरले, ते पुन्हा चढलेच नाहीत. हसतच सांगतात. शेवटी एवढंच म्हणतात, "त्या दिवशी कोणी घोटभर चहा देल्ला नाही."

यंदा त्यांची मुलगी वैशाली पहिल्यांदा गाणार होती. मामी गेल्यापासून घरात ती आणि मामा, दोघंच. नेमकी किटली गळायला लागली, म्हणून मामा कप भरून न्यायला माझ्या दारात आले. मी काठोकाठ भरून दिला. त्यांच्या हातात जाताच कपबशी किणकिणायला लागली. उंबरठा ओलांडायच्या आधीच बशी भरली.

"थांबा मामाजी, दुसरा देते."

"राहू दे. अशीच भरत असते."

"दरवेळी?"

"ज्याची काळजी जास्त, त्याची बशी जास्त." ते ओशाळून हसले. "कोणाले सांगू नको, सूनबाई."

मी खिडकीशी आले. पडद्यामागे मामांनी कपबशी पुढे केली. वैशालीनं बशीकडे पाहिलं, मग बापाच्या हाताकडे.

"बाबा, कप तुमी घ्या. बशी आज मी पेते."

"अवं, ते माह्यं काम..."

तिनं बशी ओठांना लावली, अगदी त्यांच्यासारखा फुरका मारला आणि रिकामी बशी पेटीच्या खोक्यावर ठेवली. "साखर कमी हाय," म्हणाली आणि वर गेली.

माईकमधून आधी तिचा श्वास ऐकू आला. मग पहिली ओळ आली. मग काहीच नाही. पेटी तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिली.

मामा नुसता कप धरून उभे होते. चहा त्यांच्या बोटांवरून, सदऱ्यावर सांडत होता. पोळत असावा, पण त्यांना कळत नव्हतं.

मी तशीच अनवाणी बाहेर पडले. माणसांमधून वाट काढत पडद्यामागे गेले, खोक्यावरची बशी उचलली आणि त्यांच्या कपाखाली धरली.

दुसरी ओळ आली.