सातवा खांब

क्षितिजानं मखराचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा स्वरूपा लेकीला, शर्वाणीला वरणभात भरवत होती. गणपतीसाठी पांढरंशुभ्र ग्रीक देऊळ! खाली लिहिलेलं, ‘आयोनिक खांब, वर पेडिमेंटचा त्रिकोण. वेळ मिळाला तसं केलं.’

कल्पना मुळात स्वरूपाची. शाळेच्या फाटकापाशी आठवड्यापूर्वी तिनंच ती क्षितिजाला भोळेपणानं बोलून दाखवली होती. घास हातातच ठेवून तिनं फोटो मोठा केला आणि खांब मोजले. सहा.

“सलील, आपल्या मखराचे खांब किती झाले?”

“चार.”

“सात कर.”

“सातच का?”

“तिचे सहा आहेत.”

सलील आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं पुठ्ठ्याच्या नळ्या एकसारख्या अंतरावर, मिलिमीटरचाही फरक न करता चिकटवल्या. क्षितिजाच्या आयोनिक खांबांना डोक्यावर नुसती दोन वेटोळी. म्हणून स्वरूपानं आपल्या खांबांना कोरिंथियन पद्धतीचे पानांचे गुच्छ लावले.

सकाळी प्रतिष्ठा झाली. मग सलीलनं वाळलेला दर्शनी भाग आणून मूर्तीपुढे पक्का चिकटवला. स्वरूपा आरतीचं तबक घेऊन समोर उभी राहिली.

“मॅम, आय कान्ट सी बाप्पा,” शर्वाणी म्हणाली. आईला ‘मॅम’ म्हणायचं ती आयरिश पोरांकडून शिकली होती.

मधला खांब बरोब्बर बाप्पांच्या तोंडासमोर आला होता.

“ग्रीक लोक समोर बहुतेक वेळा सम संख्येत खांब ठेवायचे,” सलील म्हणाला. “मधे दाराला जागा राहते.”

“हे आत्ता सांगतोयस?”

“तू दारासाठी मागितलेच नव्हतेस. क्षितिजासाठी मागितलेस.”

“मग मूर्ती सरकव थोडी.”

“प्रतिष्ठा झालीय. आता विसर्जनालाच हलवायची. आणि खांब ओढला तर अख्खा त्रिकोण बाप्पांच्या डोक्यावर येईल.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात क्षितिजा, हातात मोदकांचा डबा.

“अगं, बाप्पा कुठेयत?”

“आत,” स्वरूपा शांतपणे म्हणाली. “ग्रीकांचा देव आतल्या गाभाऱ्यात असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला ते काय दुकान आहे? बाजूनं वाकायचं, मग दर्शन. तुझ्याकडे सोफ्यावरूनच दिसतात का गं?”

क्षितिजा बाजूनं वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“माझं अजून पूर्ण कुठे झालंय,” ती म्हणाली आणि चहाही न घेता निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वरूपा एकटीच तिच्याकडे आरतीला जाऊन आली. आल्या आल्या कोट न काढताच सोफ्यावर बसली.

“काय झालं?” सलीलनं विचारलं.

“तिनं मधोमध नवा खांब लावलाय. आपल्या दुप्पट जाड.”

“मग बाप्पा दिसले का?”

“अजिबात नाही,” स्वरूपा म्हणाली. मग स्वतःच्या देवळाकडे खिन्नपणे बघत पुटपुटली, “आपल्याकडे मेले दोन्ही कान दिसतायत.”