सहीच्या आधी वाचणाऱ्या गावंडे मॅडम

बँकेत गावंडे मॅडम पुढे असल्या की मागची रांग भिंतीला टेकून बसून घ्यायची. पैसे काढायची स्लिप असो की केवायसीचा फॉर्म, मॅडम पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचत, मगच सही. मागून कोणी म्हटलं, "मॅडम, घरी नेऊन वाचा ना!" तर चष्म्यावरून बघत. "सही इथं करतो, तं वाचीन बी इथंच." शाळेच्या हजेरीपटावर सही करतानाही त्या आधी वरची तारीख तपासत. हेडमास्तरांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

या मॅडम आम्हाला नागरिकशास्त्र शिकवत.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीपासून नऊ किलोमीटर. एसटी केव्हाचीच बंद झालेली. दीड एकरातली वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, डोक्यावर घेऊन आई फाट्यापर्यंत पायी जायची, पुढे मिळेल त्या ऑटोनं बाजार. ताई दहावी पास झाली आणि घरी बसली. कॉलेज अंजनगावात, आणि फाट्यापर्यंत एकट्या पोरीला कोण पाठवणार? माझंही तेच ठरलेलं होतं. "गाडीच नाही तं काय करता?" एवढ्यावर गावाचं बोलणं संपायचं.

मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, कीव करतील. त्यांनी उलट विचारलं, "ग्रामसभेत कोणी मांडलं काय?"

ग्रामसभा धड्यात असते, एवढंच मला माहीत होतं.

"पोट्टेहो," त्या वर्गाला म्हणाल्या, "धडा पाठ नका करू. घरी कोणी सही मागाले आलं, की वर काय लिहिलं ते मायले वाचून दाखवायचं. हा गृहपाठ."

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीचे शिपाईकाका रजिस्टर घेऊन दारात आले. आमच्याकडे ग्रामसभा अशीच व्हायची: सभा रजिस्टरात, माणसं वावरात. आईनं पदराला हात पुसून पेन घेतला. तिला सही तेवढी यायची.

"माय, थांब," मी म्हटलं आणि वाचलं. "काल झालेल्या ग्रामसभेस हजर..."

"काल? काल तं मी दिवसभर वांगे तोडून राहिलो होतो!"

"काकू, दरवेळेस करता ना सही?"

"दरवेळेस पोट्टी वाचत नोती."

काका फणफणत शेजारी गेले. तिथं माझी वर्गमैत्रीण वाचत उभी. त्याच्या पुढच्या घरीही तेच.

सह्या जमल्या नाहीत, म्हणून सभा खरोखर भरवावी लागली. मॅडम मागे ओट्यावर बसल्या होत्या. या गावच्या मतदार नाहीत म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत; ओठ मात्र सारखे हलत होते. आई उठली.

"मले एकच सांगा. आमच्या पोरी दहावीच्या पुढं कायनं जातीन?"

"काकू, ते एसटीवाल्यायचं काम हाय," सरपंच म्हणाले.

"मंग त्यायले लिहा. आत्ता लिहा. पोट्टी वाचून पाहीन, मंग मी सही करतो."

बाया हसल्या, सरपंचही हसले, आणि ठराव लिहिला गेला. तो घेऊन आई आणि चार बाया तीनदा डेपोत जाऊन बसल्या. माझा दहावीचा निकाल लागायच्या आठवड्यात सकाळची गाडी सुरू झाली.

ॲडमिशनच्या दिवशी आम्ही पाच मुली त्याच गाडीतून उतरलो. आयांना वावरातून सुट्टी नव्हती. कॉलेजच्या खिडकीसमोर ही भली मोठी रांग, आणि रांगेत सगळ्यांत पुढे गावंडे मॅडम. आमचा नंबर लावून सकाळपासून उभ्या.

खिडकीतून क्लार्कनं विचारलं, "पालक कोण आलं यांचं?"

मॅडम अंजनगावात एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. भाऊ अकोल्याला, दिवाळीला जात आणि दोन दिवसांत परत येत. घरच्यांबद्दल कधी बोलत नसत, आम्हीही विचारलं नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. पूर्ण वर्गाला दमात घेणाऱ्या बाईचा इतका बारीक आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"चालते ना गं तुमाले?"

आम्ही पाचही जणी एकदमच "हो" म्हणालो.

पुढच्या वर्षी ताईनं अकरावीत नाव घातलं. मी त्याच कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.