ताईच्या शब्दांखालची लाल रेघ

"आठ दिवस," बारक्या म्हणाला. "फक्त आठ दिवस दे मला. तुझी ही सातही खोकी उचलून तुझ्या तळहातावर आणून ठेवतो."

बारक्या म्हटल्यावर कोणी अर्ध्या चड्डीतला मुलगा डोळ्यांपुढे आणू नये. बारक्याचं वय त्रेसष्ट, वजन ब्याण्णव किलो, आणि एका मोठ्या कार्यालयातून तो विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला. पण ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. तेव्हा तिच्या लेखी तो जन्माचा बारक्याच होता, आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

माणूस लाखात एक. मदतीला चोवीस तास तयार. खोड एकच होती. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा ते स्वतःच पुरं करून टाकायचा. ताईने "बारक्या, जरा पा..." म्हणायचा अवकाश, हा पाण्याचा तांब्या घेऊन हजर. तिला पाठ चोळून हवी असायची. लहानपणापासून तिने किती पाणी नको असताना प्यायलं असेल, त्याची गणतीच नाही.

आता त्या खोक्यांविषयी. ताईने चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, आणि शाळा सुटल्यावर शब्द गोळा केले. साधेसुधे नाहीत. जे लोकांच्या तोंडी असतात पण कुठल्याही शब्दकोशात सापडत नाहीत, असे. शिंपीण, सुतार, पोस्टमन, सुईण, कोणीही बोलता बोलता एखादा अनोळखी शब्द वापरला की ताईची पिशवी उघडायची आणि पोस्टकार्डाएवढं पुठ्ठ्याचं कार्ड बाहेर यायचं. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली "कोण म्हणालं". सगळं शिसपेन्सिलीने, फळ्यावर लिहावं तशा गोल, सुट्या अक्षरांत. अशी चार हजार शंभर कार्डं बुटांच्या सात खोक्यांत भरून खिडकीपाशी रचलेली होती. त्यांच्यामुळे खिडकी अर्धी झाकली जायची, पण ताईला उजेडापेक्षा खोकी प्यारी होती.

एवढ्यात विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंचा फोन आला. संगणकाला आपली बोलती भाषा शिकवायचं काम त्या करत होत्या. "त्याला छापलेले शब्द येतात, पण तुमच्याकडचे शब्द त्याला जगात कुठेच मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी आमची माणसं येतील आणि एकेक कार्ड तपासून उतरवून घेतील. तोवर फक्त जपून ठेवा."

ताईला आकाश ठेंगणं झालं. चाळीस वर्षं लोक तिला 'कार्डवाली बाई' म्हणून हसले होते. आता कोणीतरी ती कार्डं मागत होतं.

"तीन महिने कशाला?" बारक्या म्हणाला. "हल्ली मोबाईलने फोटो काढला की अक्षरं आपोआप टाइप होतात."

"अरे, पण त्या म्हणाल्या की तपा..."

"तपासतो की मीच. तू डोळ्यांचं बघ."

कारण त्याच आठवड्यात ताईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचं ठरलं होतं, एकामागून एक. मग महिनाभर मुलीकडे मुक्काम, डोळ्यांत थेंब, आणि वाचन बंद. खोलीची किल्ली बारक्याच्या हातात देताना ताई एवढंच म्हणाली, "जपून रे. दुसरी प्रत नाही त्याची."

बारक्याने खरोखर जीव तोडून काम केलं, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. दोन डब्यांवर फळी ठेवली, फळीला भोक पाडलं, भोकावर मोबाईल बसवला आणि खालून कार्डं सरकवायला सुरुवात केली. आठ दिवसांचे सोळा झाले, पण काम फत्ते. ताईचं अक्षर इतकं सुरेख की यंत्राला एक वेलांटीही चुकीची लागली नाही. ते जसंच्या तसं टाइप झालं. इथे बारक्या थांबला असता तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण शेवटी त्याने सगळं एकदा वरून खाली बघितलं. जवळजवळ प्रत्येक नोंदीतल्या पहिल्या शब्दाखाली लाल रेघ. पाचशेवी नोंद बघा, हजारावी बघा, तेच. अर्थ ठीक, बाकी सगळं ठीक, पण मुख्य शब्दच चुकलेला.

बारक्याला भडभडून आलं. चौतीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन सुधारलेली बाई, आणि तिला ओळीने एवढे शब्द चुकावेत? मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोतीबिंदू. बिचारीला दिसतच नव्हतं. किती वर्षं ती अशी अंदाजाने लिहीत होती कोण जाणे, आणि आपण सख्खे भाऊ असून आपल्याला पत्ता नाही. हे असंच विद्यापीठात गेलं तर तिचं हसं होणार. बहिणीची अब्रू आपल्या हातात आहे.

खाली एक बटण होतं: 'सगळे बदला'. बारक्याने ते डोळे पुसत दाबलं.

रेघा गेल्या. पडदा कसा स्वच्छ झाला. मग मोबाईलने विचारलं, जागा संपत आली आहे, अनावश्यक फोटो काढून टाकू का? मजकूर हाताशी असताना फोटो कशाला? टाक काढून. पुसलेले फोटो महिनाभर एका वेगळ्या कप्प्यात राहतात, हे बारक्याला ठाऊक होतं. माणूस टापटिपीचा. त्याने तो कप्पाही रिकामा केला.

राहिली खोकी. ताई नवे डोळे घेऊन येणार, तर तिला खिडकी पूर्ण मिळायला नको? बायको म्हणाली, "एकदा ताईंना विचारा तरी."

"चकित करायचं म्हटल्यावर सांगून करतात का?" असं म्हणून बारक्याने रद्दीवाल्याला बोलावलं.

ताई परत आली तेव्हा खोली ओळखू येत नव्हती. पडदा धुतलेला, काच पुसलेली, खिडकीशी हातांची खुर्ची, खुर्चीवर टॅब. ताईला आधी उजेडच दिसला. ती म्हणाली, "अगं बाई, समोरच्या झाडाला एवढी पानं आहेत होय?" बारक्याची छाती फुगली. इतकी सुखी तो तिला कित्येक वर्षांत पहिल्यांदाच बघत होता, आणि ते आपल्यामुळे.

"बस. वाच," तो म्हणाला. "पाहिजे तेवढं अक्षर मोठं कर."

ताईने वाचलं. "दरोडा. पाहुणे निघतो निघतो म्हणत दारात उभ्याने मारतात त्या गप्पा." ती खुदकन हसली. "चावट कुठला. दारोटा रे, दारोटा. मुद्दाम केलंस ना?"

बारक्याही हसला, कारण ताई हसली होती.

"कुटुंब. बुटात शिरून टोचत राहणारा, पण बूट झटकला की न सापडणारा खडा. कोण म्हणालं: पोस्टमन." ताईचं हसू जरा कमी झालं. "हा कुटंगा होता. पुरे आता. खरं कुठाय?"

"हेच खरं आहे."

ताईने पुढे सरकवलं. "शेवट. बंद खोली बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर येणारा वास." या वेळी ती हसली नाही. "शिळवट," ती हळूच म्हणाली. मग आणखी सरकवलं, आणखी सरकवलं, आणि टॅब मांडीवर ठेवला.

"ताई, तुझ्या शब्दांखाली लाल रेघा होत्या गं. सगळ्यांखाली. मला वाटलं, डोळ्यांमुळे तुझं शुद्धलेखन..."

"बारक्या, रेघ कशाची असते?"

"चुकीची."

"जो शब्द यंत्राला येत नाही, त्याच्याखाली ते रेघ मारतं. त्याला येत असता तर मी कार्ड कशाला केलं असतं रे? लाल रेघ आली, तोच माझा शब्द."

बारक्या खुर्चीच्या हाताला धरून उभा राहिला. एका बटणासरशी आपण काय केलं, ते त्याला आत्ता कुठे कळलं. चाळीस वर्षं तिने जे जगात कुठेच नाही ते जमवलं होतं, आणि त्याने ते सगळं जगात आधीच आहे त्यात बदलून टाकलं होतं.

"असू दे. कार्डं आहेत ना," ताई म्हणाली आणि सवयीने खिडकीकडे वळली. तिथे झाड होतं, त्याची पानं होती आणि भरपूर उजेड होता.

रद्दीवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. एवढं अंतर बारक्या निवृत्तीनंतर पहिल्यांदाच धावला.

"ती पिवळी कार्डं?" रद्दीवाला म्हणाला. "गेली की काका, मंगळवारच्या गाडीला. पण खोकी आहेत हां. चांगली मजबूत होती म्हणून मी ठेवून घेतली."

कागदाच्या कारखान्यात फोन लावला तर पहारेकऱ्याने उचलला. "काय हरवलंय?"

"शब्द," बारक्या धापा टाकत म्हणाला. "चार हजार शंभर."

पहारेकरी म्हणाला, "साहेब, इथे लगदा आहे. पाहिजे तर बादलीभर घेऊन जा."

अखेर बारक्याने विद्यापीठात फोन केला. बाईंनी शांतपणे विचारलं, "मूळ फोटो?" पुसले. "पुसलेल्यांचा कप्पा?" तोही रिकामा केला. "आणि कार्डं?" बारक्याने सांगितलं. बाईंचा आवाज बदलला. "काका, म्हणूनच आम्ही तीन महिने मागितले होते," एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अर्थ तर शाबूत आहेत. अर्थावरून ताईंना जेवढे आठवतील तेवढे शब्द पुन्हा लिहून काढा. लवकर काढा."

बारक्या सात रिकामी खोकी उराशी धरून घरी आला. "एवढीच मिळाली," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस ताईपुढे लहान मुलासारखा रडला. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचं त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी बैठक सुरू झाली. बारक्या अर्थ वाचायचा, ताई डोळे मिटून शब्द शोधायची आणि नव्या कार्डावर लिहायची. काही चटकन यायचे. काहींसाठी शिंपिणीला, पोस्टमनला फोन लावायचे. पोस्टमन थकलेला, पण फोनवर मोठ्याने हसायचा आणि सांगायचा. सुतार मात्र कधीच गेला होता, सुईणही गेली होती. त्यांचे शब्द त्यांच्याबरोबर गेले ते गेले. अधूनमधून एखादा जसाच्या तसा निघायचा. "माया," बारक्याने एकदा वाचलं. "कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीत आत राखलेलं कापड. कोण म्हणालं: शिंपीण."

"हा वाचला," ताई म्हणाली. "यंत्राला वाटलं, हा आपल्याला येतो."

दीड महिन्यात नऊशे कार्डं झाली, आणि एका दुपारी बारक्याच्या पुढ्यात ती नोंद आली.

"पंचनामा," त्याने वाचलं. "झोपेला आलेलं मूल झोपायचं नाही म्हणून करतं ती किरकिर. कोण म्हणालं: आई. बारक्याविषयी."

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. तो शब्द आईचाच होता. ती कुठून घेऊन आली होती की तिनेच केला होता, कोणाला ठाऊक नाही. ती गेल्यावर तो कोणी म्हटला नव्हता, आणि ताईने तो कार्डावर आहे म्हणून निर्धास्तपणे मनातून सोडून दिला होता.

"पेंचरणं?" बारक्याने विचारलं. "पंचाटा? पिंजणं?"

"नाही. नाही रे."

पंधरा दिवस तो रोज नवे शब्द पाडून आणायचा आणि ताई मान हलवायची. जगात आपल्याविषयी आईने केलेला एक शब्द होता आणि तो आपल्याच अंगठ्याखाली गेला, हे काही त्याच्या मनातून जाईना. जेवण कमी झालं. रात्रीची झोपही उडाली.

त्यामुळे झालं असं की त्या दिवशी दुपारी वाचता वाचता त्याचे डोळे मिटायला लागले.

"पड जरा. उद्या करू," ताई म्हणाली.

"नाही. अजून दहा करायचेत." त्याने डोळे चोळले. "ही खुर्चीच टोचते. तो पंखा कमी कर. नको, असू दे. चष्मा कुठाय माझा? मला नाही झोप आलेली. तूच झोप." चष्मा त्याच्या नाकावर होता.

ताईची पेन्सिल थांबली. ती त्याच्याकडे बघत राहिली. नव्या, स्वच्छ डोळ्यांनी, एकटक. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं, आणि बासष्ट वर्षांपूर्वीची कुठलीतरी दुपार तिथे येऊन उभी राहिली.

"हेच," ती कुजबुजली. "अस्सं करायचास. अगदी अस्सं. आणि आई पदर खोचत म्हणायची, बघ, याचं सुरू झालं पि..."

"पिरपिर!" बारक्या ओरडला.

ताईचे ओठ तसेच उघडे राहिले. मग ते हळूहळू मिटले. तिने कार्ड पुढे ओढलं, वरची जागा कोरी सोडली, खाली अर्थ लिहिला, त्याखाली लिहिलं: आई, बारक्याविषयी.

"ओठांवर आला होता रे," ती म्हणाली. "तू मध्येच बोललास."