दिवस हाय तवर

आमच्या शेजारचे नेमीचंदकाका रोज सकाळी अंघोळ करून शिकागोला जातात आणि दुकान उघडायच्या वेळेला रिसोडला परत येतात. मधल्या वेळात काकूंनी चहा विचारला, तर "थांब, सिग्नल लागला," असं उत्तर मिळतं.

हा प्रवास टीव्हीवर होतो. कोणीतरी गाडीच्या काचेला कॅमेरा लावून संध्याकाळी शहरभर हिंडलाय. बोलणं नाही, गाणं नाही. नुसता रस्ता, तळं, उंच इमारती आणि मावळतीचं ऊन. काकांचा मुलगा पंकज तिथे नोकरीला आहे, म्हणून मीच त्यांना तो व्हिडिओ लावून दिला होता. तेव्हापासून काका दुसरं काही पाहत नाहीत. हा व्हिडिओ जुना आहे, आजचा नाही, हे मी दोनदा समजावलं. "आपल्याकडं सकाळ, म्हंजे तिकडं संध्याकाळच हाय ना? मंग?" इथे माझं भूगोलाचं ज्ञान संपलं.

आमच्या गल्लीत पाइपासाठी खोदलेला खड्डा दोन पावसाळे खाऊन बसलाय. त्याला वळसा घालून मी पोचतो, तेव्हा काका आत सोफ्यावर सुसाट निघालेले असतात. त्या शहराबद्दल त्यांच्या तक्रारी फार. "गाडीवाल्याचा हॉर्न बिघडला वाट्टे. एकदाही वाजवला नाही त्यानं." "रस्त्यानं एक ढोर नाही. दूध कुठून आणतेत?" "समोर कुत्रं नाही, तरी सिग्नलले उभा. आपल्या इथं असता त मागच्यानं उडवला असता." परवा दुकानात जवळच्या केनवड गावच्या एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, आमच्याकडचा रस्ता पाहिला का आता? काका म्हणाले, "तुमच्याकडचं मालूम नाही बाप्पा, पन तळ्याकाठचा मोकळा हाय." कोणतं तळं, याचा विचार करत गिऱ्हाईक कापड न घेताच गेलं.

काका जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं, मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्यामुळे "दिवस हाय तवर" हे त्यांचं पालुपद. साड्यांचा ढीग उपसणाऱ्या बायकांना, "दिवस हाय तवर पसंत करा माय." स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं लांबवणाऱ्यालाही म्हणे त्यांनी अंतरपाटाआडून हेच ऐकवलं होतं.

विचित्र म्हणजे, तो व्हिडिओ ते कधीच पुरा पाहत नाहीत. सूर्य दोन इमारतींच्या मधे टेकला की पॉज, आणि टीव्ही तसाच चालू ठेवून दुकानात. गल्लीचं मत पडलं की म्हातारा नेट वाचवतो. मलाही तेच वाटायचं.

एके सकाळी रिमोट माझ्या हातात होता. "काका, खरी मजा पुढेच आहे, दिवे लागतात," म्हणत मी व्हिडिओ चालूच ठेवला. सूर्य गेला, शहर झगमगलं. काका सोफ्याच्या कडेला सरकले.

"मांगं घे," ते म्हणाले. "मांगं घे त्याले."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पंकजले व्हिडिओ कॉलवर इचारतो, जेवला काय रे, दिवस हाय तवर? हो म्हणते. त्याच्या मांगं खिडकीत अंधार असते, अन् समोर ताट भरलेलं." काका पडद्याकडे वळले. "अंधारात जेवत असन, त माह्यासंग खोटं बोलते. जेवत नसन, त उपाशी झोपते. खोदून काहून इचारू? दोन्ही आयकाचं नाही मले. म्हणून मी दिवसच बुडू देत नाही."

मी व्हिडिओ मागे घेतला. दिवे विझले, सूर्य इमारतींमागून वर आला, तिथेच थांबवला. काकांनी टोपी घातली, चाव्या उचलल्या.

"टीव्ही बंद करून जा," आतून काकू म्हणाल्या.

"राहू दे," काका चपला घालत म्हणाले. "दिवस हाय तवर जेवून घेईन तो."